राजाच्या कोटाची गुंडी

“काडी ठेव गं, आधी काडी! गुंडी अशी कापडाला आवळून टाकलीस तर काजात शिरणार कशी? मधे काडी ठेव, मग टाका घाल. आणि दोरा जिभेला लावू नकोस, उष्टा होतो. पाण्याचं बोट लाव.”

हा आवाज अनुसूयाबाईंचा. पन्नास वर्षं होत आली, तरी माझ्या चारही भोकांतून तो अजून घुमतो.

मी एक जुनी गुंडी आहे, मित्रांनो. तुम्ही मला बटण म्हणाल. म्हणा, माझी काही हरकत नाही. आमच्या घरात मात्र गुंडीच म्हणतात. बाजारातले कानडी दुकानदारही गुंडीच म्हणतात, त्यामुळे बेंगळुरात मला नाव बदलायची कधी वेळ आली नाही. मी शिंपल्याची आहे. आकाराने जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी. माझ्या अंगावर आठ पाकळ्यांचं कमळ कोरलेलं आहे आणि मधोमध चार भोकं आहेत. उजेडात धरलं तर मी गुलाबी दिसते, थोडं कलतं केलं तर हिरवी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझी सगळी दुखणी या रूपामुळेच सुरू झाली, म्हणून सांगते.

कारण रूप असलं की लोक म्हणतात, ही शोभेची. आणि एकदा का शोभेची म्हटलं, की मग कुणीही उचलावं आणि कुठेही डकवावं! मी काही बोलत नाही. बोलायचा माझा स्वभाव नाही. पण मनात राहतं.

आम्ही सहाजणी होतो. एका निळ्या पुठ्ठ्यावर चंदेरी दोऱ्याने टाचलेल्या. शिवाजीनगरच्या एका दुकानात, लेस आणि फितींच्या गुंडाळ्यांच्या मागे आम्ही कितीतरी महिने पडून होतो. एक दिवस नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली एक बाई आली. त्याच अनुसूयाबाई. त्यांनी पुठ्ठा हातात घेऊन आम्हाला एकेक करून नखाने वाजवून पाहिलं.

दुकानदार म्हणाला, “ये दिखावे की है अक्का. रोज लगाने की नै.”

अनुसूयाबाई म्हणाल्या, “दिखाव्याची असली म्हणून काय झालं? माझ्या घरात कुणी नुसतं बसून खात नाही. हिलाही काम देईन.”

दुकानदाराला मराठी किती कळलं कोण जाणे. मला मात्र पूर्ण कळलं. त्या दिवसापासून मी त्या बाईची झाले.

हे कुटुंब पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलंच. घरात मराठी बोलतात, दारात कानडी, आणि भांडताना दोन्ही. दसऱ्याला इथल्या चालीप्रमाणे त्यांच्याकडेही बाहुल्या मांडतात. पायऱ्यांवर लाल कापड अंथरायचं आणि सर्वांत वरच्या पायरीवर लाकडाचे राजा आणि राणी बसवायचे. राणीला दरवर्षी नवी चोळी आणि लुगडं. राजाला दरवर्षी नवा मखमली कोट, तोही हाताने शिवलेला. त्या कोटावर छातीच्या मधोमध एकच गुंडी लावायची. ती गुंडी म्हणजे मी.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. ती गुंडी नुसती दाखवायची नसते. तिला खरं काज असतं. विजयादशमीच्या संध्याकाळी आरती झाली की राजा-राणीला आडवं करून निजवतात, आणि त्याआधी घरातलं सर्वांत लहान मूल पुढे येऊन राजाची गुंडी उघडतं. नऊ दिवस ताठ बसून दमलेल्या राजाला झोपताना छातीशी काचायला नको, म्हणून. मला हे फार आवडतं. वर्षातून एकदा लहानशी बोटं येतात, मला धरतात, कलती करतात आणि मी काजातून सुळकन बाहेर येते. राजाने सुस्कारा टाकल्यासारखं वाटतं. कदाचित तो माझाच असेल.

माझ्या पाच बहिणींना हे भाग्य नव्हतं. एक अनुसूयाबाईंच्या सूनबाईंच्या बटव्याला लागली आणि बटव्यासकट बसमध्ये राहून गेली. एक कापडी हत्तीचा डोळा झाली. हत्तीचा दुसरा डोळा साधा काळा होता, त्यामुळे तो बिचारा जन्मभर डोळा मारतोय असं वाटायचं. तिसरी उशीच्या मधोमध बसली, म्हणजे सगळं आयुष्य कुणाच्या तरी कानाखाली गेलं. उरलेल्या दोघी कुठे गेल्या, ते मला आजही माहीत नाही. आता मी एकटीच आहे. हे लक्षात ठेवा.

या सूनबाई म्हणजे मालनबाई. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना पुरणपोळी येत होती, रांगोळी येत होती, पण गुंडी लावता येत नव्हती. पहिल्याच दसऱ्याला त्यांनी मला मखमलीवर अशी गच्च आवळली की माझा जीव गुदमरला. अनुसूयाबाईंनी कात्री घेतली आणि दोरा कापून टाकला. “पुन्हा.” मालनबाईंनी पुन्हा लावली, या वेळी दोऱ्याची फुली घालून. पुन्हा कात्री. “राजावर फुली मारतात का गं? दोन सरळ टाके घाल, शेजारी शेजारी, समईतल्या दोन वातींसारखे.” पाचव्यांदा कापलं तेव्हा मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कुठे अनुसूयाबाईंनी काड्यापेटीतली एक काडी काढली, माझ्या आणि मखमलीच्या मधे सरकवली आणि तो मंत्र सांगितला. आधी काडी, मग टाका. टाके झाले की काडी ओढून काढायची आणि जो ढिला दोरा राहतो त्याला गोल वेढे द्यायचे. गुंडीला मान येते. मान आली की ती काजात जाते, बाहेर येते, कापडही फाटत नाही.

सहाव्यांदा मी जशी लागले, तशी त्यानंतर दरवर्षी लागत आले.

अनुसूयाबाई गेल्या त्या वर्षी त्यांनी मालनबाईंचा हात धरून इतकंच मागितलं, “राजाची गुंडी उघडती ठेव. चिकटलेली नको.” मालनबाई म्हणाल्या, “ठेवीन आत्याबाई.” बस्स. याहून जास्त बोलणं झालं नाही.

त्यानंतर मालनबाईंनी एक नियम धरला. रोज सकाळी अंघोळ करून देवापाशी दिवा लावायचा, आणि कुणाची तरी एक तुटलेली गुंडी लावल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. कुणी हसो, कुणी रागावो. सासूबाईंनी हाताला दिलेली विद्या रोज देवाला दाखवायची, एवढाच त्यांचा भाव. जे. पी. नगरच्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना हे माहीत झालं. सकाळी दाराच्या कडीला शर्ट अडकवलेले असायचे. तिसऱ्या मजल्यावरचे श्रीकांत म्हणून एक गृहस्थ तर, असा त्यांच्या बायकोचा समज आहे, मुद्दाम गुंड्या तोडायचे, कारण शर्ट परत देताना मालनबाई सोबत दोन चकल्या द्यायच्या.

आणि ज्या दिवशी दाराला काहीच नसायचं, त्या दिवशी काय व्हायचं ते ऐका. एकदा त्या सरळ रस्त्यावर गेल्या आणि उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या खाकी शर्टाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अण्णा, स्वल्प थांबा, वरून दुसरी गुंडी लोंबतेय.”

तो घाबरला. “बेडा अक्का, नको नको, ड्यूटी आहे!”

“पाच मिनिटं. माझा चहा अडलाय.”

बिचारा अंग आक्रसून बसला आणि मालनबाईंनी त्याच्या अंगावरच गुंडी लावली. आधी काडी, मग टाका. मी हे खिडकीत ठेवलेल्या डब्यातून पाहत होते. मला हसूही आलं आणि कंटाळाही आला. इतका हट्ट बरा नव्हे, असं वाटलं. पण आज तो हट्ट आठवला की मला गहिवरून येतं, कारण पुढे जे झालं त्यात हट्ट करणारं कुणीच उरलं नव्हतं.

आता मी दिव्यश्रीबद्दल सांगते. ही मालनबाईंची सून. हेब्बाळला नोकरीला जाते, म्हणजे गाव ओलांडून जाते आणि गाव ओलांडून येते. मुलगी गुणी आहे. रविवारी तिला काहीतरी सुंदर करावंसं वाटतं आणि तिचा हात खरंच सुंदर आहे. कानातली करते, केसांचे पट्टे करते, पिशव्यांवर फुलं करते, जुन्या जीन्सच्या उशा करते. आणि या सगळ्यावर काय लावते? गुंड्या! तिच्याकडे गुंड्यांच्या तीन बरण्या आहेत. लाकडाच्या, काचेच्या, घुबडाच्या आकाराच्या, आइस्क्रीमच्या आकाराच्या. मी त्यांची निंदा करत नाही. पोरी आपापल्या परीने चांगल्या आहेत.

पण त्यांच्यातल्या एकीने तरी कधी दोरा पाहिलाय का? नाही! दिव्यश्रीकडे एक बंदूक आहे. हो, बंदूकच. ग्लू गन म्हणतात तिला. वीज लावली की तिच्या तोंडातून उकळता डिंक येतो. एक थेंब टाकला, गुंडी दाबली, झालं काम. ना सुई, ना काडी, ना मान. दोन महिन्यांनी पिशवीवरचं फूल गळून पडतं आणि घरभर प्रश्न, “अरे, हे कसं काय निघालं?” कसं निघालं म्हणजे काय? ज्याला कधी टाकाच घातला नाही, ते राहील कशाला? आम्हा गुंड्यांना भोकं देवाने हवा खायला दिलेली नाहीत. पण मी काही बोलत नाही.

या वर्षी मालनबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पितृपक्षात नवं काही शिवायचं नाही, म्हणून त्यांनी त्याआधीच राजाचा कोट शिवून ठेवला. जांभळी मखमल, काठाला जर, आणि एक बारीक, घट्ट, सुरेख काज. गुंडी तेवढी घटस्थापनेच्या सकाळी दिवा लावल्यावर लावायची असते. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर सुई हातात धरायची नाही. मालनबाईंनी आपल्या नातीला बोलावलं. तिचं नाव संयोगिता, वय वर्षं दहा.

“संयू, ही घटस्थापनेपर्यंत तुझ्या ताब्यात. देवघरातल्या डबीत ठेव. कुणाला द्यायची नाही. आणि त्या दिवशी तूच लावायचीस. मी शेजारी बसून सांगेन.”

“सरी आजी, ठेवते. देवाशप्पथ.”

“शपथ नको. नुसतं हो म्हण.”

“हो.”

मी मनात म्हटलं, पोर चांगली आहे, डोळे स्वच्छ आहेत. ऑपरेशन झालं आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून मालनबाई घरी आल्या. सुई धरता येत नाही, म्हणजे नियम पाळता येत नाही. मग त्यांनी चहा सोडला. दिव्यश्री म्हणाली, “अहो आई, आजारपणात नियम माफ असतो.” मालनबाई म्हणाल्या, “देवाने माफ केलं तरी मला चहा गोड लागणार नाही गं.” रोज सकाळी चहाचा वास सुटायचा आणि त्या माळ घेऊन तोंड भिंतीकडे करून बसायच्या.

चौथ्या दिवशी संयोगिताच्या शाळेत वेशभूषेची स्पर्धा होती. ती मोर होणार होती. दिव्यश्रीने आदल्या रविवारी पुठ्ठ्याची पिसं कापली, निळं-हिरवं सॅटिन लावलं, आणि प्रत्येक पिसाला डोळा म्हणून एकेक गुंडी चिकटवली. खरं सांगायचं तर पिसारा देखणा झाला होता. आणि मग मधल्या, सर्वांत मोठ्या पिसाला एक गुंडी कमी पडली. तिन्ही बरण्या पालथ्या घातल्या. मनासारखी मिळेना.

तेवढ्यात तिला देवघरातली डबी दिसली.

“अय्या, ही किती मस्त आहे! हीच पाहिजे.”

संयोगिता म्हणाली, “अम्मा, ती—”

“ती काय?”

संयोगिताने पिसाऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होते, मित्रांनो, जेवढं गुंडीला पाहता येतं तेवढं. ती म्हणाली, “काही नाही.”

बंदुकीतून थेंब पडला. उकळता, चिकट, मिठाईच्या पाकासारखा. माझ्या चारही भोकांत तो शिरला आणि तिथेच घट्ट झाला. पन्नास वर्षांत मला पहिल्यांदा श्वास घेता येईना.

मोराला दुसरं बक्षीस मिळालं. बाईंनी मधल्या पिसाचं फार कौतुक केलं. मला ते कौतुक कसं लागलं असेल, तुम्हीच सांगा.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नाही! दिव्यश्रीच्या कचेरीत मैत्रेयी म्हणून तिची मैत्रीण आहे. तिच्या मुलीचा नाच होता, तिला मोराचा वेश हवा होता. म्हणून पिसारा गाडीच्या डिकीत घालून मी हेब्बाळला निघाले. संयोगिता शाळेत होती. तिला कळलं तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात, उड्डाणपुलावर, पुढच्या गाडीचा धूर खात होते. नाचाच्या तिसऱ्या गिरकीला मी पिसावरून सुटले आणि रंगमंचावर टप्पकन पडले. टाका नव्हता ना! मैत्रेयीच्या मुलीने मला उचललं. तिला वाटलं, काय गोड आहे ही. तिच्याही घरी बंदूक होती. घराघरात असते वाटतं आता. तिने मला केसांच्या पट्ट्यावर डकवलं. तिथून निघाले तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर. तिथून निघाले तर पुन्हा पट्ट्यावर. दर वेळी नवा थेंब. माझं कमळ पिवळट पापुद्र्याखाली गेलं. मला तर आता माझी भोकं चार होती की तीन, तेही आठवेना.

घरी काय झालं, ते मला नंतर कळलं. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मालनबाईंनी डबी मागितली. संयोगिताने डबी आणून दिली. ती रिकामी होती. मालनबाईंनी बोटाने आत चाचपलं. एकदा, दोनदा. आणि संयोगिताने सगळं सांगून टाकलं, पिसाऱ्यापासून हेब्बाळपर्यंत. मालनबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पोरीला वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, “मी तुला ‘हो’ म्हणायला सांगितलं होतं गं. शपथ पण नको म्हटलं होतं.”

दिव्यश्रीने राजाची गुंडी दरवर्षी पाहिली होती ती लांबून, कोटावर; डबीत होती ती तीच, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला डबीतली गुंडी म्हणजे डबीतली गुंडी. ती कपाळाला हात लावून बसली. मग मैत्रेयीला फोन, दोघींची शोधाशोध, आणि अमावास्येच्या संध्याकाळी मी केसांच्या पट्ट्यासकट घरी आले.

मालनबाईंनी हात पुढे केला. त्यांच्या डोळ्याला अजून सगळं धूसर दिसत होतं, म्हणून त्यांनी मला अंगठ्याने चाचपलं. तो अंगठा मला पन्नास वर्षं ओळखतो. तो माझ्या पाकळ्यांवरून मधे आला आणि थबकला.

“हिची भोकं कुठे गेली?”

अंगठा पुन्हा तिथूनच फिरला.

“अगं, हिची भोकं कुठे गेली?”

दिव्यश्री हळूच म्हणाली, “आई, मी कोटावर अगदी व्यवस्थित चिकटवून देते. कुणाला कळणार पण नाही. फोटोत तर मुळीच नाही.”

“विजयादशमीला राजा झोपेल तेव्हा त्याला कळेल.”

“मग दुसरी आणू का? याच्यापेक्षा भारी मिळते.”

“राहू दे, दिव्या. तुझा दोष नाही.” मालनबाईंनी मला पट्ट्यावरून सोडवून ताटलीत ठेवलं. “यंदा राजा बिनगुंडीचा बसेल. माझा शब्द माझ्याकडून पाळला गेला नाही, एवढंच.” आणि त्या माळ घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. अठरा दिवस चहा न घेतलेली, सासूला दिलेला शब्द मोडलेली बाई. तिच्या पाठीकडे पाहवत नव्हतं.

मित्रांनो, तेव्हा मला फार राग आला. नेहमी आतल्या आत गिळते, पण त्या दिवशी गिळवेना. अरे, मला नुसती पाहून ‘गोड’ म्हणू नका! मला उलटी करून बघा. भोकं कशाला आहेत ते विचारा. सुंदर वस्तू दिसली की लगेच कुठेतरी डकवायची, आणि निघाली की दुसरी आणायची! तुमच्या टोपीवर लावा, पिशवीवर लावा, मोराच्या पिसावर लावा, मी नाही म्हणत नाही. माझ्या बहिणी सगळीकडे गेल्या. पण पाच मिनिटं बसा. सुई ओवा. काडी ठेवा. ज्याला आपण टाका घालतो, ते आपल्याकडे राहतं. आणि दुसऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू कितीही शोभत असली तरी ‘ती माझी नाही’ हे तीन शब्द तोंडातून निघाले पाहिजेत. तेवढेच तीन शब्द त्या रविवारी निघाले असते, तर मी आज इतकं बोलले नसते.

थोड्या वेळाने संयोगिता स्वयंपाकघरात आईपाशी गेली. “अम्मा, हा डिंक निघतो का?”

दिव्यश्रीने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “थंड केला की कडक होतो. मग टोकरून काढता येतो. पण बारीक भोकांतून... बघ बाई. जोर लावलास तर शिंपला फुटेल.”

“मग जोर नाही लावणार.”

झालं. मला एका वाटीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. मटारांची पिशवी, खवलेल्या नारळाचा डबा आणि मी! राजाची गुंडी! काय काय बघायचं राहिलंय, असं म्हणत मी तिथे कुडकुडत राहिले.

आज घटस्थापना. सकाळी घट बसला, दिवा लागला. मालनबाई देवापाशी माळ ओढत बसल्या आहेत. वरच्या पायरीवर राणी नटून बसली आहे आणि शेजारी राजा जांभळा कोट घालायची वाट पाहत उघडाच बसला आहे. कोट संयोगिताच्या मांडीवर आहे आणि त्यावर मी, बर्फासारखी गार.

तिने न्हाऊन केस पुसलेत, पण टोकं अजून ठिबकताहेत. हातात जाड सुई आहे. पहिल्या भोकातला डिंक खपलीसारखा अख्खा निघाला. दुसऱ्यातला दोन तुकड्यांत. तिसऱ्याला वेळ लागला. चौथं काही केल्या मोकळं होईना. दोनदा मला परत थंड करायला नेलं. सुई दोनदा तिच्या बोटात गेली. तिने बोट फ्रॉकला पुसलं आणि मालनबाईंकडे पाहिलं. त्या माळेत होत्या. तिसऱ्यांदा सुईचं टोक आत गेलं, हळूच फिरलं, आणि पलीकडून उजेड आला. माझ्या चारही भोकांतून वारा गेला, मित्रांनो. माझ्या एका पाकळीचा टवका उडालाय. उडू दे.

स्वयंपाकघरातून दिव्यश्रीने विचारलं, “संयू, चहाचं आधण ठेवू का?”

“आत्ता नको अम्मा. मी सांगते तेव्हा ठेव.”

मालनबाईंच्या बोटांतली माळ थांबली. त्यांनी मान वळवली नाही. पण माळ थांबली, ती मी पाहिली.

संयोगिता गुडघ्यांवर सरकत देवापाशी गेली. समईजवळची काड्यापेटी उघडली आणि त्यातून एक काडी घेतली. पेटवली नाही. परत येऊन तिने ती माझ्या आणि मखमलीच्या मधे आडवी ठेवली. मग जांभळ्या दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओठांपाशी नेलं, आणि तिथेच थांबली.

दोरा तिने खाली घेतला. शेजारच्या तांब्यात बोट बुडवलं, टोक ओलं केलं, आणि एक डोळा मिटून सुईचं नेढं शोधायला लागली.